तान्ह्या पोळ्यासाठी लोकरीचा बैल करायचा आहे, पण साधा गोळाच जमत नाही

त्रिमूर्तीनगरची_ताई

नमस्कार मंडळी. तान्ह्या पोळ्याला भाच्यासाठी लाकडी नंदीच्या जोडीला एक लोकरीचा छोटा बैल करायचा आहे. भाचा दीड वर्षाचा आहे. मला साखळी, खांब येतात, रुमालाची लेस विणता येते, पण भरीव खेळणं कधी केलेलं नाही. सध्या व्हिडिओ पाहून नुसता गोळाच विणून राहिले आहे आणि तोही धड होत नाही.

घरात रुमालाची बारीक स्टीलची सुई होती, तिने लोकरीचे पदर फाटतात. लोकरीच्या वेष्टणावर 4 मिमी लिहिलं होतं म्हणून ती सुई आणली, तर वीण इतकी सैल की आतला कापूस बाहेर डोकावतो. सुरुवातीला मधोमध भोक राहतं. चौथ्या फेरीत 24 टाके यायला हवेत, तर कधी 22 भरतात, कधी 26. आणि गोळा गोल न होता सहा कोनांचा दिसतो. एका व्हिडिओत सिंगल क्रोशे म्हणतात, दुसऱ्यात त्याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात, मग नेमकं विणायचं काय?

इथे नागपुरात सीताबर्डीवर मऊ मखमली लोकर पाहिली, फार सुंदर आहे. बैलासाठी तीच घेऊ का?

मुका_खांब

ताई, मखमली लोकर आत्ता अजिबात घेऊ नका. तिच्यात टाका डोळ्याला दिसत नाही, बोटाने चाचपून घर, म्हणजे सुई घालायची जागा, शोधावं लागतं, आणि उसवली की तिची लव झडते. शिकताना गुळगुळीत, घट्ट पिळाची, फिक्या रंगाची लोकर हवी. काळी आणि गडद निळीही नको, रात्री ट्यूबलाइटमध्ये तिचे टाके मोजता येत नाहीत. साधी ॲक्रेलिक किंवा सुती चालेल. सुतीत वीण जास्त स्वच्छ उठते, पण ती ताणत नाही म्हणून नवख्या हाताला बोटं दुखतात. ॲक्रेलिकवर हात बसवा, मग सुतीकडे वळा.

आता टाका. अमेरिकन पद्धतीतला सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश पद्धतीतला डबल क्रोशे हे दोन्ही म्हणजे आपला मुका खांब. सुई घरात घाला, धागा ओढून घ्या, सुईवर दोन फास होतील, पुन्हा धागा घेऊन दोन्हीतून एकदम काढा. झाला. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे दिसला की तो अमेरिकन समजायचा, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. भरीव खेळणी जवळपास पूर्ण मुक्या खांबाचीच असतात. तुम्ही जर लेसच्या सवयीने उंच खांब घालत असाल तर कापूस दिसणारच, त्याला सुई कितीही बारीक घेऊन उपयोग नाही.

सुईचं माप वेष्टणावर लिहिलेलं असतं ते स्वेटर-मफलरसाठी, म्हणजे कापड लवचिक पडावं म्हणून. खेळण्याला उलट हवं असतं. 4 मिमी लिहिलं असेल तर 2.5 किंवा 3 मिमी घ्या. रुमालाच्या सुया बहुधा 1 ते 1.75 मिमीच्या असतात, त्यांच्या आकड्यात लोकरीचा अख्खा धागा मावत नाही म्हणून पदर फाटतात. दुकानात सुई नंबरावर मागू नका. स्टीलच्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक होते, ॲल्युमिनियमच्या सुयांत दुकानदार कुठला नंबर धरून बोलतो ते कळत नाही. दांडीवर मिमी कोरलेले असतात तेवढे पाहा.

वीण पुरेशी घट्ट आहे का हे तपासायला विणलेला तुकडा बोटावर ताणून उजेडाकडे धरा. बारीक टिंब दिसली तर चालेल, आरपार चौकोन दिसले तर सुई अर्ध्या मिमीने कमी करा. हात आवळून विणू नका, घट्टपणा सुईने येऊ द्या. हात आवळला की पुढच्या फेरीत सुई घरात शिरत नाही आणि मनगट भरून येतं.

गणित_आणि_लोकर

सहा कोनांचं उत्तर देतो, कारण ते कुणी नीट सांगत नाही.

वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या साधारण सव्वासहा पट परीघ वाढतो. मुका खांब रुंदीला आणि उंचीला जवळपास सारखा असतो, म्हणून एक फेरी वाढली की परिघावर सहा टाके वाढावे लागतात. सहापेक्षा कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. म्हणून नमुन्यात 6, 12, 18, 24, 30 असेच आकडे येतात. सहा वाढवूनही तुमची चकती सपाट बसत नसेल आणि किंचित वाटी होत असेल तर घाबरू नका, गोळ्याला ते सोयीचंच आहे.

कोन पडतात ते प्रत्येक फेरीत वाढ (एका घरात दोन टाके) आधीच्या वाढीच्या डोक्यावर येते म्हणून. एकाआड एक फेरीत वाढ सरकवा. चौथी फेरी "2 साधे, 1 वाढ" अशी सहा वेळा करण्याऐवजी अशी करा: 1 साधा, 1 वाढ, मग "2 साधे, 1 वाढ" पाच वेळा, शेवटी 1 साधा. बेरीज 24 च येते, कोन मात्र मोडतात. पाचवी फेरी पुन्हा नेहमीसारखी.

माझं मत असं की बैलाआधी एक संत्रं विणा. नागपूरकरांचं संत्र्याशिवाय पान हलत नाही असं कुणी म्हणेल, पण कारण वेगळं आहे: संत्रं दोन्ही टोकांना चपटं असतं, त्यामुळे नवख्या हाताचा थोडा वेडावाकडा गोळाही खपून जातो. आणि बैलाचं धड, डोकं, वशिंड यांत जे लागतं ते सगळं त्यात येऊन जातं.

फेरी 1: ओढून बंद होणाऱ्या गोलात 6 मुके खांब
फेरी 2: प्रत्येक घरात 2 (12)
फेरी 3: 1 साधा, 1 वाढ, सहा वेळा (18)
फेरी 4: वर सांगितल्याप्रमाणे सरकवलेली (24)
फेरी 5: 3 साधे, 1 वाढ, सहा वेळा (30)
फेरी 6 ते 9: वाढ नाही, सरळ 30
फेरी 10: 3 साधे, 1 घट (दोन घरांचा मिळून एक टाका), सहा वेळा (24)
फेरी 11: 2 साधे, 1 घट, सहा वेळा (18)
इथे थांबून भरा.
फेरी 12: 1 साधा, 1 घट, सहा वेळा (12)
उरलेली भर घाला.
फेरी 13: सहा घटी (6)

एकूण 270 टाके. 3 मिमी सुई आणि मध्यम जाडीच्या लोकरीत फळ साधारण पाच सेंटीमीटरचं होतं, लोकर दहा ग्रॅमच्या आत लागते. शेवटी उरलेला धागा तळातून वर काढा, शेजारच्या घरातून परत खाली आणा आणि किंचित ओढून गाठ मारा. दोन्ही टोकं आत बसतात आणि संत्र्याचा आकार येतो. पानाला 6 साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीपासून क्रमाने मुका खांब, अर्धा खांब, खांब, अर्धा खांब आणि शेवटी स्लिप.

पूर्ण गोल चेंडू हवा असेल तर मधल्या सरळ फेऱ्या चारऐवजी पाच करा.

इतवारीकर

लोकरीसाठी इतवारी आणि महालकडची टेलरिंग मटेरियलची दुकानं आधी पाहा, सीताबर्डी मग. एक लक्षात ठेवा, लोकरीचा माल थंडीच्या तोंडावर भरतात. पावसाळ्यात रंग कमी मिळतात, पांढरा आणि क्रीम मात्र बाराही महिने असतो, आणि तुम्हाला बैलासाठी तोच लागेल. एकापेक्षा जास्त गुंड्या घेणार असाल तर वेष्टणावरचा लॉट नंबर जुळवून घ्या, नाहीतर धड एका पांढऱ्याचं आणि पाय दुसऱ्या पांढऱ्याचे दिसतील.

भरायला उशीत घालतात तो पॉलिस्टरचा फायबर मागा, बरेच जण त्याला रेक्रॉन म्हणतात. साधा कापूस किंवा सावरीचा कापूस नको. धुतला की गोळे होतात आणि पावसाळ्यात आतून वाळता वाळत नाही, वास धरतो. तांदूळ, डाळ घालून वजन आणायचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या, किडे होतात.

त्रिमूर्तीनगरची_ताई

खूप आभार सगळ्यांचे. 3 मिमी सुई आणली, फरक लगेच दिसला. संत्रं नवव्या फेरीपर्यंत आलं. पण तीन गोष्टी अजून अडतात. मी प्रत्येक फेरी स्लिप टाक्याने जोडून एक साखळी घालून वर चढते, तरी मोजणी एखाद्या टाक्याने चुकतेच. आणि माझ्या गोळ्याची बाहेरची बाजू व्हिडिओसारखी दिसत नाही, आडव्या रेघा दिसतात. आधीच्या गोळ्यांत घट घेतली तिथे फटही पडायची.

मुका_खांब

जोडायचंच नाही, तिथेच चूक आहे. जोडणीचा स्लिप टाका आणि चढायची साखळी दोन्ही वरून टाक्यासारखीच दिसतात. त्यांत चुकून विणलं की एक टाका वाढतो, आणि ते टाळायच्या नादात खरा पहिला टाका सुटला की एक कमी होतो. 22 आणि 26 तिथूनच येतात. शिवाय जोडणीची तिरपी शिवण गोळ्यावर कायम दिसते. खेळणं सलग गोल गोल विणतात, फेरी संपली की सरळ पुढच्या फेरीच्या पहिल्या घरात. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवा आणि ती फेरीगणिक वर सरकवा. मोजताना वरच्या काठावरचे व्ही मोजायचे, सुईवरचा फास मोजायचा नाही.

वाढीनंतर आणखी एक चकवा असतो. एका घरात दोन टाके घातले की दुसरा टाका पुढच्या घरावर आडवा पडतो आणि ते घर झाकलं जातं. अंगठ्याने टाका मागे सारून पाहा, खाली एक घर दडलेलं असतं.

आडव्या रेघा म्हणजे उलट बाजू बाहेर आली आहे. सुलट बाजूला छोटे व्ही दिसतात, उलटीला प्रत्येक टाक्यावर एक आडवी दांडी. उजव्या हाताने विणणाऱ्याने वाटीचा जवळचा काठ विणायचा, सुई बाहेरून आत जाते. तुम्ही बहुतेक पलीकडचा काठ विणताय. आत्ता नवव्या फेरीत आहात ना, मग भरायच्या आधी सरळ उलटवून घ्या, काही उसवावं लागत नाही. उलटवल्यावर सुई कुठून शिरते तेवढं पाहा.

फट पडते ती दोन अख्ख्या घरांतून घट घेतल्यामुळे. न दिसणारी घट अशी: पुढच्या घराचा फक्त समोरचा धागा सुईवर घ्या, त्याच्या पुढच्या घराचाही फक्त समोरचाच घ्या, आता धागा घेऊन या दोन्हींतून काढा, सुईवर दोन फास उरतील, पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून काढा. सुलट बाजूने साध्या टाक्याइतकीच दिसते. बाकी सगळे टाके मात्र दोन्ही धाग्यांखालून. सवयीने एकाच धाग्यातून विणलं की रांगोळीच्या रेघेसारखी कड उठते आणि वीण सैल होते.

मधल्या भोकाचं राहिलं. ओढून बंद होणाऱ्या गोलात, म्हणजे व्हिडिओवाले मॅजिक रिंग म्हणतात त्यात, सुरुवातीचं मोकळं टोक किमान 10 सेंटीमीटर ठेवा. पहिली फेरी झाली की ओढा, तिसरी झाली की पुन्हा ओढा, आणि मग ते टोक सुईत ओवून आतून त्याच गोलाला उलट दिशेने फिरवा. ॲक्रेलिक गुळगुळीत असते, नुसतं ओढून कापलं तर भरल्यावर गोल हळूहळू उघडतो. गोल जमतच नसेल तर 2 साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत 6 मुके खांब घाला. पहिली साखळी सैल नसली तर भोक जवळपास दिसत नाही.

सुलट_टाका

एक भर. सुईवर धागा घेताना तो सुईच्या वरून येतो की खालून, ते पाहा. वरून घेतला तर व्ही पडतात, सुई धाग्यावरून नेऊन तो खालून ओढला तर फुलीसारखे टाके पडतात आणि वीण जास्त घट्ट व नीटस बसते. खेळण्यांना मला फुलीचेच आवडतात, पण त्याने तुकडा थोडा लहान होतो. डोकं एका पद्धतीने आणि धड दुसऱ्या पद्धतीने झालं तर मापं जुळणार नाहीत. एकच धरा.

आणि उन्हाळ्यात कूलरसमोर बसून विणत असाल तरी हात पुसत राहा. घामाने लोकर सुईला चिकटते आणि टाके नकळत घट्ट पडतात.

गणित_आणि_लोकर

आता बैल. लांबी साधारण नऊ-दहा सेंटीमीटर, 3 मिमी सुई, पांढरी लोकर, खूर आणि शिंगांना काळी, तोंडाला राखाडी. झुलीला लाल.

धड: संत्र्यासारखंच 30 पर्यंत जा, मग 10 सरळ फेऱ्या, मग 24, 18, 12, 6. 18 वर थांबून भरा.

डोकं तोंडाकडून सुरू करा. राखाडीत 6, 12, मग दोन फेऱ्या सरळ 12. पांढरी घ्या. 18, मग 24, चार फेऱ्या सरळ 24, मग 18, 12, 6. रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगाने घ्यायचा. टाका पूर्ण करून मग रंग बदलला तर पुढचा टाका दोन रंगी होतो.

पाय चार. काळ्यात 6, 12. तिसरी फेरी 12, पण फक्त मागच्या धाग्यातून. त्यानेच तळाला काठ पडतो आणि पाय उभा राहतो. मग पांढऱ्यात 5 फेऱ्या सरळ 12. खूर घट्ट भरा, वरचं टोक जरा सैल ठेवा, नाहीतर शिवताना पाय फाकतात. विणून उरलेले धागे 25 ते 30 सेंटीमीटर सोडून कापा, त्यांनीच शिवायचं आहे.

वशिंड: 6, 12, दोन फेऱ्या सरळ 12, भरा. शिंगं दोन: गोलात 4, मग "1 साधा, 1 वाढ" दोनदा (6), मग 4 सरळ फेऱ्या. भरू नका. आतल्या बाजूने सुईने एक धागा ओवून किंचित ओढला की शिंग वळतं. कान दोन: 6, मग "2 साधे, 1 वाढ" दोनदा (8), एक फेरी 8, चपटे करा. शेपटी 12 साखळ्या, टोकाला काळ्या धाग्याचा झुपका.

शिवायच्या आधी सगळं टाचण्यांनी लावून टेबलावर उभं करून पाहा. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, टाके मोजा. पुढच्या दोन पायांमध्ये पोटावर 2 ते 3 टाके सुटले पाहिजेत, मागच्यांतही तेवढेच. पुढचे पाय वशिंडाच्या बरोबर खाली आले तर बैल तोल धरतो. मागे सरकले तर डोक्याच्या वजनाने तोंडावर पडतो, बहुतेक जणांचा बैल याच कारणाने उभा राहत नाही. डोकं एका फेरीत शिवून थांबू नका, त्याच वाटेने दुसरी फेरी घ्या, नाहीतर मान डुलते. सुई स्वेटर शिवायची बोथट वापरा. गोधडीची टोकदार सुई धाग्याच्या पदरांतून जाते.

झूल: 16 साखळ्या, परतून 15 मुके खांब, 10 ओळी, दर ओळीला एक साखळी घालून परतायचं. लाल लोकर आधी ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून पाहा. रंग उतरला तर ती पांढऱ्या बैलावर घालायची नाही.

सुलट_टाका

भाचा दीड वर्षाचा आहे म्हणून हे आधी वाचा. मागे चकती बसणारे प्लास्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलासाठी नकोत. चकती एकदा बसली की निघत नाही हे खरं, पण सैल विणीतून डोळा चकतीसकट बाहेर येऊ शकतो. काळ्या धाग्याने डोळे भरा, डोक्याच्या 24 टाक्यांच्या सरळ फेऱ्यांपैकी दुसऱ्या फेरीवर, दोन डोळ्यांत 7 टाके अंतर. घुंगरू, मणी, टिकल्या, बेगड काहीही नको, पोळ्याचा बैल म्हटला की हात शिवशिवतो तरी. ते लाकडी नंदीला लावा. कासरा करायचा असेल तर तो गळ्याला शिवून टाका, लोंबता लांब धागा ठेवू नका.

कान, शिंगं आणि शेपटी शिवून झाली की एकेक धरून जोरात ओढा. हलली तर पुन्हा शिवा. पोरगं तोंडात घालणारच, म्हणून धुण्याचंही सांगते: थंड पाणी, साधा साबण, टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका. मशीनमध्ये टाकायचा तर जुन्या अभ्र्यात घालून. पोळा पावसातच येतो, तेव्हा पंख्याखाली दोन्ही बाजूंनी वाळू द्या आणि पोट दाबून आतून गार लागत नाही ना ते पाहूनच द्या. ॲक्रेलिकला इस्त्री लावायची नाही, वितळून चपटी आणि चकचकीत होते.

त्रिमूर्तीनगरची_ताई

उलटवला गोळा, व्ही बाहेर आले. शिंगांत एक शंका, 4 टाक्यांच्या गोलात सुईच फिरत नाही, काय करू?

मुका_खांब

शिंगापुरती 2.5 ची सुई घ्या आणि पहिल्या दोन फेऱ्या उलट बाजू बाहेर ठेवूनच विणा. तिसरी सुरू करायच्या आधी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ढकलून सुलट करा.